रोगप्रतिकारक पेशींची कर्करोगचिकित्सा आणि ग्रामीण वैद्य

कोविडच्या साथीपासून ‘इम्युनिटी’ हा शब्द शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांपर्यंत पोहोचला आहे. औषधालयाच्या फळीवरील च्यवनप्राश, गुळवेल सत्त्व, अश्वगंधा चूर्ण, तुळशीचा अर्क यांच्या वेष्टनांवर तो ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि ग्राहकही औषधाचे नाव न घेता ‘इम्युनिटीचे काहीतरी द्या’ असे सांगतो. दुसरीकडे ‘रुग्णाच्याच पेशींनी कर्करोगावर मात’ अशा मथळ्यांच्या बातम्या वृत्तपत्रांतून येत असतात. सामान्य माणसाच्या मनात या दोन गोष्टींची सरळ सांगड बसते. प्रतिकारशक्तीने कर्करोग बरा होत असेल, तर प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या चूर्णाने तो का बरा होऊ नये, असा प्रश्न आम्हास गेल्या दोन-तीन वर्षांत अनेकदा विचारला गेला आहे. प्रश्न तर्काला धरून आहे. त्याचे उत्तर मात्र ‘होय’ असे नाही. ते तसे का नाही, ही नवी चिकित्सा प्रत्यक्षात कशी चालते आणि ती घेऊन गावी परतलेला रुग्ण आपल्यासमोर बसला असता वैद्याने व औषधविक्रेत्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात व्याधिक्षमत्वाचा विचार आला आहे हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. चक्रपाणीने त्याची दोन अंगे मानली : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. याच्या जोडीला सुश्रुतांच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायाचे स्मरण करावे. तेथे अर्बुदाचे एक लक्षण असे सांगितले आहे की, ते पाकाला जात नाही. विद्रधी पिकतो, फुटतो, वाहतो. अर्बुद मात्र स्थिर राहून वाढत जाते. सुश्रुतांनी याचे कारण कफ व मेद यांचे आधिक्य आणि दोषांचे स्थिरत्व असे दिले. आजच्या पेशीविज्ञानाशी याची ओढूनताणून जुळवणी करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. तो मोह आपल्या नियतकालिकांतून पुरेसा झाला आहे. परंतु निरीक्षण म्हणून ते किती अचूक आहे पाहा. शरीरात काटा रुतला तर चार दिवसांत तो भाग लाल होतो, तापतो, पिकतो. आणि मुठीएवढी गाठ वाढली तरी शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठत नाही. शरीर गप्प का राहते, हाच प्रश्न या नव्या चिकित्सेच्या मुळाशी आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात या प्रश्नाकडे प्रथम लक्ष वेधले ते एका विसर्पाने. न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक विल्यम कोली यांना जुन्या नोंदींत असा एक रुग्ण आढळला की, विसर्प होऊन तीव्र ज्वर आल्यानंतर त्याची मानेवरील गाठ नाहीशी झाली होती. १८९१ साली कोलींनी विसर्पाचे जंतू मुद्दाम गाठीत टोचून पाहिले. काही रुग्ण सुधारले, काही त्या संसर्गानेच दगावले, आणि पुढे क्षकिरण चिकित्सा आल्यावर हा मार्ग मागे पडला. त्याच विचाराचे एक रूप आजही वापरात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. क्षयाविरुद्ध बालकांना दिली जाते ती बीसीजी लस मूत्राशयाच्या वरच्या थरातील कर्करोगात नळीवाटे मूत्राशयात सोडतात. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ती चिकित्सा अद्याप प्रचलित आहे.

ओळख आणि लगाम

रक्तातील श्वेतपेशींमध्ये टी पेशी नावाचा एक वर्ग आहे. उरोस्थीमागील थायमस ग्रंथीत त्या परिपक्व होतात, म्हणून हे नाव. विषाणूने ग्रासलेली किंवा बिघडलेली पेशी शोधून ती नष्ट करणे हे त्यांतील काहींचे काम. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक असतो आणि त्याला जुळणारी खूण दुसऱ्या पेशीवर दिसली की ती चाल करून जाते. कर्करोगाची पेशी परकी नसते, ती आपलीच असते, येथे खरी अडचण आहे. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे चटकन समजते. भाताच्या खाचरात भातासारखेच दिसणारे तण उगवते. लोंबी येईपर्यंत बेणणारीलाही ते ओळखू येत नाही. शिवाय कर्कपेशी आपल्यावरच्या खुणा कमी करतात आणि टी पेशींना आवरणारे संदेशही देतात.

टी पेशींना आवरणारे हे लगाम निसर्गानेच बसविलेले आहेत. ते नसते तर आपल्याच पेशींनी आपले सांधे, आतडी, यकृत खाऊन टाकले असते. पीडी-१ व सीटीएलए-४ हे असे दोन लगाम होत. कर्कपेशी त्यांचा गैरफायदा घेते : आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन पुढे करून ती टी पेशीचा लगाम खेचते आणि टी पेशी शेजारी असूनही स्वस्थ बसते. हे लगाम सैल करून टी पेशींना मोकळे करता येते हे दाखविल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन व जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेलही याच प्रांतातील आहे. रोगप्रतिकारक पेशी स्वतःच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून त्यांवर देखरेख करणाऱ्या नियामक टी पेशींच्या संशोधनासाठी ते मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल व शिमॉन साकागुची यांना देण्यात आले.

येथे जरा थांबून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ‘क्षम’ या धातूत सहन करण्याचाही अर्थ आहे. व्याधिक्षमत्व म्हणजे नुसता जोर नव्हे, तर आवर घातलेला जोर होय. ‘इम्युनिटी बूस्टर’ या बाजारी शब्दातून हा अर्धा अर्थ गळून पडला आहे. प्रतिकारशक्ती ही पाण्याच्या टाकीसारखी नाही की वरून ओतले म्हणजे पातळी वाढली. कर्करोगाच्या रुग्णात टी पेशींची संख्या पुष्कळदा पुरेशी असते. त्यांना ओळख पटत नसते किंवा त्यांचा लगाम खेचलेला असतो. म्हणून नव्या चिकित्सेचेही दोन मार्ग झाले, एक ओळख देण्याचा आणि दुसरा लगाम सोडविण्याचा. दोन्ही मार्गांवर मुंबईत मोठे काम झाले आहे आणि दोन्ही आपल्या रुग्णांपासून एका लोकलच्या अंतरावर आहेत.

पवई, परळ आणि खारघर

ओळख देण्याच्या पद्धतीला कार-टी म्हणतात. यातील ‘कार’ हे तीन इंग्रजी शब्दांचे आद्याक्षर-रूप असून त्यांपैकी पहिला शब्द ग्रीक पुराणातील एका मिश्रदेही प्राण्यावरून आला आहे. आपल्याकडे नरसिंहाचे उदाहरण देता येईल. टी पेशीला एक कृत्रिम ग्राहक बसवितात. त्याचे बाहेरचे मुख प्रतिपिंडाचे असते व ते कर्कपेशीची खूण पकडते, तर आतला भाग टी पेशीचा असतो व तो हल्ल्याचा आदेश देतो. रक्ताच्या काही कर्करोगांत बिघाड बी पेशींमध्ये असतो आणि बी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाची खूण जवळजवळ नेहमी असते. ही खूण पकडणाऱ्या टी पेशी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे २०१२ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलीला देण्यात आल्या. तिचा रक्ताचा कर्करोग दोनदा उलटला होता. ती बरी झाली आणि दहा वर्षांनंतरही रोगमुक्त होती. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी शासनाने या प्रकारच्या पहिल्या औषधाला मान्यता दिली. त्याची किंमत होती पावणेपाच लाख डॉलर.

ती किंमत आपल्या देशात कोणाला परवडणार? पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील जीवविज्ञान व जैव अभियांत्रिकी विभागाचे प्राध्यापक राहुल पुरवार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच ग्राहक येथेच घडविण्याचे काम हाती घेतले. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. गौरव नरुला व डॉ. हसमुख जैन यांनी रुग्णांवरील चाचण्यांची धुरा सांभाळली. मूळ ग्राहकाचे मुख उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेले असते. मुंबईच्या चमूने ते मानवी घडणीशी जुळते केले. ४ जून २०२१ रोजी टाटा स्मारकाच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक केंद्रात भारतातील पहिल्या रुग्णाला कार-टी पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने ‘नेक्सकार-१९’ या नावाने तिला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे तिचे लोकार्पण झाले. बाजारात आली तेव्हा तिचा खर्च ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात सांगितला गेला. परदेशाच्या मानाने तो एकदशांश. आपल्या तालुक्यातील भातशेती करणाऱ्या कुटुंबाच्या मानाने मात्र तो आकडा नुसता ऐकण्याचाच. २०२५ च्या आरंभी बंगळूरच्या एका कंपनीचेही असेच औषध देशात उपलब्ध झाले.

प्रत्यक्ष विधी असा. रुग्णाच्या शिरेतून रक्त यंत्रात घेऊन त्यातील श्वेतपेशी वेगळ्या करतात व उरलेले रक्त शरीरात परत जाते. यास काही तास लागतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्या टी पेशींमध्ये नव्या ग्राहकाचे जनुक घालतात. पेशींची संख्या वाढू देतात. दरम्यान रुग्णाला काही दिवस सौम्य रसायनचिकित्सा देऊन शरीरातील जुन्या श्वेतपेशी कमी करतात, जणू पेरणीपूर्वी रान मोकळे करावे तसे. मग सलाईनसारखी एक पिशवी शिरेवाटे दिली जाते, ती बहुधा एकदाच. त्या पेशी शरीरात वाढतात, म्हणून हे औषध जिवंत आहे असे म्हणतात ते शब्दशः खरे आहे.

फलित काय? या औषधाच्या पहिल्या दोन टप्प्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हीमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अन्य उपचार निष्फळ ठरलेल्या वा रोग उलटलेल्या ६४ रुग्णांचा त्यात समावेश होता आणि परिणामाचे मूल्यमापन करता आलेल्या ५१ जणांपैकी ३७ जणांत, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांत, रोग हटला वा घटला. हे सर्व रुग्ण अन्य मार्ग संपलेले होते हे लक्षात घेता ही संख्या मोठीच आहे. तथापि चिकित्सेशी निगडित दोन मृत्यूही झाले, हेही त्याच निबंधात दिले आहे आणि आपण रुग्णाला सांगताना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ही मान्यता बी पेशींच्या ल्युकेमिया व लिंफोमा यांपुरती, १५ वर्षे व त्यावरील आणि आधीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी आहे. तोंड, स्तन, गर्भाशयमुख येथील घट्ट गाठींना ती लागू नाही. अशा गाठींवर सीडी-१९ सारखी एकच स्वच्छ खूण नसते. जी खूण कर्कपेशीवर असते तीच एखाद्या आवश्यक अवयवावरही असते, आणि गाठीच्या आतील परिसर टी पेशींना शिरू देत नाही. तेथे प्रयोग चालू आहेत, चिकित्सा नाही.

तोंडाचा कर्करोग आणि २० मिलिग्रॅम

आपल्या दवाखान्यांत मात्र बहुधा तोंडाचाच रुग्ण येतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी मिळत नाही असे खर्डी-कसाऱ्यापासून टोकावड्यापर्यंत एकही ठिकाण आम्हास माहीत नाही. स्त्रियांमध्ये मशेरी आहेच. यास्तव आपल्या वाचकांच्या दृष्टीने दुसरा मार्ग, लगाम सोडविण्याचा, अधिक महत्त्वाचा.

निव्होलुमॅब हे पीडी-१ हा लगाम अडविणारे प्रतिपिंड आहे. त्याची प्रचलित मात्रा २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, आणि ती अशी महाग की आपल्याकडील फारच थोड्या रुग्णांना झेपते. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : एवढी मात्रा खरोखर लागते का? डोके-मानेचा कर्करोग बळावलेल्या व बरा होण्याची शक्यता नसलेल्या १५१ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. दोन्ही गटांना तोंडावाटे घ्यावयाची तीन स्वस्त औषधे दिली : आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि रोज सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब. एका गटाला त्याशिवाय दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एक वर्षानंतर पहिल्या गटात १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के, आणि तीव्र दुष्परिणाम वाढले नाहीत. २०२३ मध्ये हा निबंध अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या अग्रगण्य नियतकालिकात छापला गेला. अल्प मात्रेचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही, पण तो असा मोजून-मापून सिद्ध केला गेला याचे मोल मोठे आहे.

मात्र येथे गफलत होऊ नये. या अभ्यासातील रुग्ण बरे झाले असे नव्हे. त्यांचे मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. ज्याची गाठ लहान आहे त्याला शस्त्रक्रियेनेच बरे होण्याची संधी असते आणि ती संधी दवडली जाते ती बहुधा आपल्या पातळीवर. तोंडातील व्रणाला खदिरादि वटी व इरिमेदादि तैल देण्यात गैर काही नाही, पण तीन आठवड्यांत जो भरत नाही, ज्याचा काठ कडक लागतो, ज्याच्यासोबत दात हलू लागले आहेत किंवा मानेत गाठ आहे, तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नाहीत, अशा रुग्णाला दुसरी डबी देऊ नये. त्याच्या हातात चिठ्ठी द्यावी. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून पुढे परळ गाठावे. आसनगावहून लोकलने सुमारे दोन तास. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण. मुक्कामाची चिंता हे न जाण्याचे एक खरे कारण असते. दादर पूर्वेची श्री गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या दोन ठिकाणी बाहेरगावच्या रुग्णांची सोय पाहिली जाते, हे चिठ्ठीच्या मागे लिहून दिले तरी माणूस निघतो, असा आमचा अनुभव आहे. शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे, शिधापत्रिका व आधार, सोबत न्यावयास सांगावे आणि रुग्णालयातील समाजसेवा विभागात प्रथम विचारावयास सांगावे.

रुग्ण गावी परतल्यावर

लगाम सोडविलेल्या टी पेशी कर्करोगाबरोबर कधीकधी स्वतःच्या अवयवांवरही जातात. आतड्यांवर गेल्या तर अतिसार, फुफ्फुसांवर गेल्या तर कोरडा खोकला व दम, यकृतावर गेल्या तर कामला, अवटू ग्रंथीवर गेल्या तर थकवा व सूज, त्वचेवर गेल्या तर पुरळ. हे शेवटच्या इंजेक्शननंतर काही महिन्यांनीही घडू शकते. त्या वेळी रुग्ण परळला जात नाही. तो आपल्या दारी येतो आणि ‘जुलाब होतायत, डॉक्टर’ एवढेच सांगतो. कॅन्सरच्या इंजेक्शनचा व जुलाबाचा संबंध त्याच्या ध्यानी येत नाही.

माळशेज पट्ट्यातील एका पन्नाशीच्या शेतकऱ्याने आमच्यासमोर असेच बसून कुटजाच्या गोळ्या मागितल्या. दिवसाला सात-आठ वेळा द्रवमल, ज्वर नाही, आम नाही, बाहेरचे खाणे नाही. त्याची पत्नी पिशवीतून रुग्णालयाची फाईल काढून बसली होती. त्यात दर तीन आठवड्यांच्या इंजेक्शनची नोंद होती. फाईलवरील क्रमांकावर आम्ही दूरध्वनी केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आणि स्टिरॉईड चालू केल्यावर आठवड्यात मल बांधून आला. कुटजघन वटी, बिल्वावलेह किंवा इंग्रजी स्तंभक गोळ्यांनी तो अतिसार आठवडाभर दडपता आला असता आणि तेवढ्यात आतड्याला व्रण पडून भोक पडण्यापर्यंत मजल गेली असती. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाची फाईल पाहिल्याशिवाय त्याला स्तंभन देऊ नये, असा आमचा आग्रह आहे.

कार-टी घेतलेल्या रुग्णाविषयीचा नियम याहून कडक आहे. पेशी दिल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ज्वर आला तर तो साधा ज्वर समजू नये. कोट्यवधी टी पेशी एकदम कामाला लागल्या की रक्तात संदेशद्रव्यांचा पूर येतो. ज्वर, रक्तदाब घसरणे, श्वास लागणे, आणि काहींत बोलण्यात अडखळणे, अक्षर बिघडणे, झापड येणे अशी लक्षणे दिसतात. यावर टॉसिलिझुमॅब नावाचे नेमके औषध आहे, पण ते रुग्णालयात. म्हणूनच या रुग्णांना सुरुवातीचे चार आठवडे रुग्णालयाच्या जवळपास राहावयास सांगतात. शेतीच्या कामासाठी कोणी लवकर परतला आणि त्याला ज्वर भरला, तर त्रिभुवनकीर्ती वा पॅरासिटामॉल देऊन रात्र काढावयास सांगू नये. पुढेही अनेक महिने त्याच्या निरोगी बी पेशीही नष्ट झालेल्या असल्याने संसर्गाचा धोका टिकतो.

आता आपल्या औषधांविषयी. शहापूर तालुका गुळवेलीसाठी देशभर ओळखला जाऊ लागला आहे. कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या माध्यमातून येथील गुळवेल मोठमोठ्या औषध कंपन्यांना पुरविली, ही आपल्या भागाच्या अभिमानाची बाब आहे. हे सांगून पुढचे सांगणे आम्हास आवश्यक वाटते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेत असलेल्या सहा रुग्णांत यकृतशोथ आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्याचे स्वरूप प्रतिकारक पेशी यकृतावर उलटल्यासारखे होते. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही; वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, दुसरी जात असावी, असा आक्षेप घेतला. वाद अजून मिटलेला नाही असे धरून चालू. तरीही ज्या रुग्णाचा लगाम मुद्दाम सैल केलेला आहे, ज्याचे यकृत आधीच त्या धोक्यात आहे, त्याला त्याच्या तज्ज्ञाच्या नकळत गुळवेल सत्त्व देण्याचे कारण काय? कामला झाली तर ती कशाने झाली हे त्यांना व आपल्याला, दोघांनाही कळणार नाही.

योगवाहित्वाचाही विचार करावा. पिप्पली औषधांची शरीरातील पातळी वाढविते, ही आपली जुनी शिकवण जम्मूच्या प्रयोगशाळेने आधुनिक मापांनी सिद्ध केली. तिच्या आधारे २००९ मध्ये रिफॅम्पिसिनची मात्रा निम्म्याहून कमी करून त्यात पिप्पलीचे सत्त्व घातलेले क्षयाचे औषध देशात निघाले. जे क्षयाच्या औषधाला लागू, ते एर्लोटिनिबसारख्या औषधालाही लागू असू शकते. त्याचा निचरा यकृताच्या ज्या विकरांवर अवलंबून असतो त्यांवर पिप्पलीचा परिणाम होतो. म्हणून अशा रुग्णाला त्रिकटू, सितोपलादि किंवा चौसष्ट प्रहरी पिप्पली देताना आधी तज्ज्ञाला कळवावे.

मग आपल्यासाठी काही उरते की नाही? पुष्कळ उरते. किरणोपचाराने तोंड सोलवटून निघते तेव्हा यष्टिमधु व मध यांच्या स्थानिक उपयोगाने आराम पडतो, याविषयी जामनगरच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आहे. अन्नद्वेष, निद्रानाश, मलावष्टंभ, भीती यांची चिकित्सा आपण चांगली करतो. पुण्याजवळ वाघोली येथे भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टच्या केंद्रात दोन्ही शास्त्रांचे वैद्य एकत्र काम करीत आले आहेत. अट एकच, जे देऊ ते रुग्णाच्या फाईलमध्ये मात्रेसह लिहावे.

औषधविक्रेत्यांसाठी तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहितो. पहिली स्टिरॉईडची. अंगदुखीला, दम्याला, भूक लागावी म्हणून डेक्सामेथासोनच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय दिल्या जातात, आणि काही अनामिक पुड्यांच्या ‘आयुर्वेदिक’ चूर्णात त्या मिसळलेल्या निघतात. स्टिरॉईड टी पेशींना झोपविते. दुष्परिणाम आवरण्यासाठी तज्ज्ञ ते मोजून देतात, पण उपचार सुरू होण्याच्या वेळी रुग्ण ते गुपचूप घेत असेल तर एवढ्या महाग इंजेक्शनचे काम आधीच अर्धे होऊन बसते. दुसरी गोष्ट मेथोट्रेक्सेटची. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोजच्या गोळ्यांच्या सवयीने रुग्णाने ते रोज घेतले तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात आणि माणूस दगावतो. पाकिटावर वाराचे नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे, ‘फक्त सोमवार’ असे, आणि घरातील एका शिकलेल्या मुलाला वाचून दाखवावयास लावावे.

तिसरी गोष्ट दलालांची. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनापासून शहापूर तालुक्यातील काही कुटुंबांच्या हाती रोख रक्कम आली, आणि जेथे पैसा तेथे ‘सेल थेरपी’ विकणारे पोहोचतात. ‘इम्युन सेल’, ‘स्टेम सेल’ अशी नावे, चकचकीत पत्रके, कोणत्याही कर्करोगावर लागू पडण्याची हमी. मान्यताप्राप्त कार-टी दुकानात मिळत नाही, ती पार्सलने येत नाही, दुसऱ्याच्या पेशींपासून बनत नाही आणि तोंडाच्या वा स्तनाच्या कर्करोगाला दिली जात नाही. एवढ्या चार गोष्टी गिऱ्हाइकाला सांगितल्या तरी एखाद्याची जमीन वाचेल. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व जादूटोणाविषयक आक्षेपार्ह जाहिराती कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्या दुकानाच्या काचेवर चिकटविलेले कंपनीचे पत्रकही जाहिरातीतच मोडते. असे पत्रक लावलेले असेल तर हा अंक हाती पडताच ते काढून टाकावे.